आईचं गंगावन

आई गेली तेव्हा तिचे दागिने आत्याने डब्यात ठेवले आणि वडिलांचं दुसरं लग्न झालं तसे नव्या आईच्या अंगावर घातले. सोबत गंगावनही दिलं. वेणी जाड आणि लांब दिसावी म्हणून बायका केसांत गुंफतात ते गंगावन बाजारातही मिळतं, पण आईचं तिच्या स्वतःच्या केसांचं होतं. विंचरताना निघालेला गुंतवळ ती साठवायची, आणि सोनगीरच्या एका म्हातारीकडून तिने त्याचं गंगावन करून घेतलं होतं. नव्या आईचे केस विरळ. आत्या तिला म्हणाली, "ही उंदीरनी शेपटी लिसन हळदीकुंकूले जाशी का?" आत्याची जीभ आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होती.

कार्य आटोपलं की गंगावन पुन्हा खुंटीवर जायचं. दुपारी सगळी माणसं शेतात गेली की मी ते खाली काढायची, उशीवर पसरायची आणि त्यावर डोकं ठेवून पडून राहायची. त्याला जुन्या खोबरेल तेलाचा वास होता. आईच्या पदराला यायचा तोच.

काही दिवसांनी माझ्या डोक्यात खाज सुटली. आधी कानामागे, मग टाळूकडे. मग एका जागचे केस तुटले आणि ज्वारी कापल्यावर शेतात धसकटं उरतात तसे खुंट राहिले, भोवती पांढरा कोंडा. थोड्याच दिवसांत नव्या आईच्या मानेवर, केस सुरू होतात तिथे, लाल कडं उमटलं. आत्याने दोन्ही डोकी पाहिली आणि चुलीपाशी बसून निकाल दिला, "पहिलीनं मन या घरमा राही गयं शे. नवीले ती सुखे बसू देत नही."

मग आमच्यावरून लिंबं उतरवली. खोबरेल तेलात गंधक कालवून चोपडलं. कुणीतरी रॉकेल सुचवलं, त्याने माझी कातडी सोलून निघाली. नवी आई धसका घेऊन अर्धी झाली. भांडी घासता घासता ती एकदम मागे वळून बघायची. तिची मला कीव यायची नाही, उलट बरं वाटायचं. ज्या बाईची जागा ही घेऊन बसली होती ती गेलेलीच नव्हती.

मीही घाबरत होते, पण ती भीती मला हवी होती. दुपारच्या शांततेत खाज सुरू झाली की कुणाची तरी बोटं कानामागून वर सरकतायत असं स्पष्ट जाणवायचं. अंगावर काटा यायचा. मी हलायची नाही, कारण हलले तर आई थांबेल असं वाटायचं.

शेवटी वडील आम्हा दोघींना एस.टी.ने धुळ्याला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, चिमट्याने एक खुंट उपटला. मी खाजेच्या जागी बोट ठेवून त्यांना सांगून टाकलं, "ही माझी आई आहे."

"आई नाही, बुरशी आहे," ते म्हणाले. "नायटा. कंगव्यातून, उशीतून, एकमेकींच्या केसांतून पसरतो. नुसतं मलम मुळाशी पोचत नाही. रोज दुधाबरोबर गोळी, तीही बरेच आठवडे. रॉकेल बंद करा. कंगवे उकळा." त्यांनी कोण कुठे झोपतं, कुणाचं काय वापरतं ते विचारलं. गंगावनाचं कळल्यावर म्हणाले, "ते जाळून टाका."

परतताना नवी आई खिडकीशी बसून चक्क हसत होती. लग्न होऊन आल्यापासून ती तशी हसली नव्हती. मला तिचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने न्हाणीपाशी पाण्याचा हंडा चढवला आणि मला हाक मारली. मी गेले तर ती गंगावन हातात घेऊन चुलीसमोर उभी होती. तिने ते कपाळाला लावलं, काहीतरी पुटपुटली आणि आगीत सोडलं. केस जळतात तो वास घरभर झाला. हंड्याखाली ज्वाळ एकदम उठली आणि बसली. पाणी कडत झाल्यावर ती म्हणाली, "ये. तुनी मायनी पानी तापाडेल शे. न्हाई ले." तिने माझं डोकं हलक्या हाताने धुतलं. मी डोळे गच्च मिटून घेतले होते.

गोळ्या लागू पडल्या. कोंडा गेला, खुंटांच्या जागी मऊ लव आली. नवी आई गाणी गुणगुणू लागली, आणि आत्या शेजारीपाजारी आपल्या लिंबांचं कौतुक करत हिंडली. मी मात्र रोज उठल्याबरोबर बोटांनी डोकं चाचपून खाज शिल्लक आहे का ते बघायची. थोडी असायची. आणखी थोडी कमी. एका सकाळी ती कुठेच सापडली नाही.

पोरगी बरी झाली असं सगळे म्हणत होते. मी गोठ्यात जाऊन बसले आणि रडले. आई मरून दोन वर्षं होत आली होती, आणि मी तिच्यासाठी पहिल्यांदाच रडत होते.