भासऱ्यांसमोर पाच मिनिटं

बँकेतून निवृत्त झाले आणि घरी गप्प बसवेना, म्हणून मेहकरच्या एका लहानशा संस्थेत बायकांना पैसे मागायला शिकवू लागले. उसने नव्हे. धंद्यासाठी, ताठ मानेने, परीक्षकांसमोर उभं राहून, पाच मिनिटांत. पुण्याहून येणारे साहेब त्याला पिचिंग म्हणतात. आमच्या बायका त्याला नुसतं ‘पाच मिनिटं’ म्हणतात. “मॅडम, माह्ये पाच मिनिटं पाठ झाले,” असा फोन येतो आणि मला बरं वाटतं.

पण हे काम डोकं फिरवणारं आहे. बाई पहाटे उठून पापड लाटणार, तीच ते विकणार, तीच उधारी वसूल करणार, आणि बोलायला उभी राहिली की म्हणणार, “आमचे हे पाहतात सगळं, आम्ही आपली थोडीशी मदत करतो.” मी ओरडते, “हे कुठे आहेत? पानटपरीवर! ‘मी’ म्हणा, ‘मी’!” त्या हसतात, पदर सावरतात आणि पुन्हा ‘आम्ही’पासून सुरू करतात. घसा बसतो माझा.

साखरखेर्ड्याकडची एक बाई मात्र पहिल्याच दिवशी ‘मी’ म्हणाली. तिची छोटी डाळ मिल होती. लोकांनी तूर आणून द्यायची, हिने तिला तेल लावून, ऊन देऊन डाळ करून द्यायची. मशीन जुनी झालेली, हंगामात नेमकी बंद पडायची. दारात पोती तुंबली की लोक वैतागून सुलतानपूरच्या मिलकडे वळायचे. “मॅडम, यंदा मोठी मशीन नाही भेटली तं पुढच्या साली मिल बंदच समजा,” असं तिने मला सरळ सांगितलं होतं. मशीन आली तर हिवरा आश्रमकडच्या दुकानांत स्वतःच्या डाळीच्या पिशव्या ठेवायच्या, इथपर्यंत तिचं ठरलेलं होतं.

मी तिला घरी बोलावून तयारी करून घेतली. माझ्या नवऱ्याला परीक्षक म्हणून खुर्चीत बसवलं. त्याला डुलकी लागली तर तिने टेबलावर थाप मारून जागं केलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. मी मनात म्हटलं, ही बाई पैसे आणणार. नजरेला नजर देऊन बोलण्याला पुण्याच्या साहेबांकडे वेगळे गुण होते, आणि हिच्या नजरेत तर धारच होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात गेले आणि पाहिलं तर ती भिंतीकडे तोंड करून उभी. पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. “काय झालं?” विचारलं तर मान न वळवता म्हणाली, “पयल्या खुर्चीवर माह्ये भासरे बसले ना.”

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. हे चुलत होते, पण एकाच वस्तीतले, धान्याच्या आडतीत नाव कमावलेले, म्हणून ‘यशस्वी उद्योजक’ या नात्याने ऐनवेळी त्यांना परीक्षक केलेलं. आमच्याकडे भासऱ्यासमोर सून बोलत नाही. काही सांगायचं झालं तर तिसऱ्या माणसाला सांगते, आणि शेजारीच उभा असलेला भासरा ते त्या माणसाकडून ऐकतो. सभागृहातल्या निम्म्या बायका तिच्याच भागातल्या. तिने मर्यादा सोडली असती तर ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली असती.

मी पुण्याच्या साहेबांकडे धावले. म्हटलं, पाच मिनिटं त्या पाहुण्यांना चहाला बाहेर पाठवा. ते म्हणाले, “मॅडम, सगळ्यांना सारखा नियम हवा. आणि एवढाही कॉन्फिडन्स नसेल तर पुढे ग्राहकांशी कशा बोलणार त्या?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग भासऱ्यांनाच जाऊन विनवलं. ते मोठ्या मनाने हसले. “मी काय खातो का तिले? बोलू द्या बिनधास्त. माही परवानगी आहे.” आणि खुर्चीत आणखी रेलून बसले. उठायचं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही.

तिचा नंबर आला. ती व्यासपीठावर गेली, परीक्षकांना नमस्कार केला आणि सरळ त्यांच्याकडे पाठ केली. मागे बसलेल्या बायकांकडे पाहून तिने पाच मिनिटं बोलून दाखवली. एक शब्द अडला नाही. तूर, ऊन, तुंबलेली पोती, नवी मशीन, पिशवीवरचा भाव, सगळं. बायकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. माझे डोळे भरून आले, आणि समोर पाहिलं तर साहेब गुणांच्या कागदावर काट मारत होते.

पैसे दुसऱ्याच एका पोराला मिळाले. त्याचं ड्रोनने फवारणी करायचं काहीतरी होतं. पडद्यावर चित्रं छान होती.

चहाच्या वेळी भासरे माझ्याजवळ आले. ती माझ्या मागेच उभी होती, पदर ओढून. “आमच्या सुनेनं मर्यादा पाळली, मले लई अभिमान वाटला,” ते म्हणाले. “मार्क मी देऊ शकत होतो, पण घरच्यालेच देलं तं लोक काय म्हणतीन?”

माझ्या जिभेवर चांगलं जळजळीत काहीतरी आलं होतं. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, मला उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“मॅडम, त्यायले सांगा, मशीनची येळ आली तं मी घरची म्हनून मार्क नाही देले. अन् दरसाली घरचीच म्हनून माह्याकडून डाळ फुकट करून नेतात. यंदापासून घरचेपन बंद. सगळ्यायवानी पैसे पडतीन म्हना.”

मी रिवाजाप्रमाणे शब्दन् शब्द त्यांना सांगितला. भासऱ्यांचा चेहरा उतरला, पण ते हसायचा प्रयत्न करत मलाच म्हणाले, “तिले म्हना, चारचौघात असं बोलू नये. घरी बोलू आपन.”

मी वळले. तिने पदराआडून माझ्याकडे पाहिलं.

“त्यायले सांगा,” ती म्हणाली, “घरी तं मले त्यायच्यापुढं तोंडच उघडता येत नाही. म्हनून तं इथं आलती.”