दाजींसाठी क्रेन

दाजी निवृत्त झाल्यावर धुळ्याहून अक्काचे फोन वाढले. माझी ही मोठी बहीण घरात अजून अहिराणीच बोलते. "बठ्ठा दिन माले टोकतस," ती म्हणाली. भाजी कशी चिरायची इथपासून दाजी तिला शिकवत होते. एकसष्टीला त्यांना गुंतवून ठेवेल असं काहीतरी आण, म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. या माणसाला काहीतरी द्यायची मी पस्तीस वर्षं वाट पाहत होते.

बारावीनंतर तंत्रनिकेतनात सिव्हिलला माझा नंबर लागला होता. दाजी इंजिनियर, म्हणून वडिलांनी त्यांना विचारलं. दाजींनी पाहुण्यांसमोर एक नकाशा माझ्यापुढे पसरला आणि म्हणाले, "यात जिना दाखव." मला सापडला नाही. ते हसले. "हिला जिना दिसत नाही, ही पूल काय बांधणार? बी.ए. करू द्या." वडिलांनी ऐकलं. मी पाचोऱ्याच्या शाळेत भूगोलाची बाई झाले. पुढे अक्काच्या माळ्यावर तोच कागद हाती आला. तो इमारतीच्या पायाचा नकाशा होता. त्यात जिना नव्हताच.

जळगावच्या खेळण्यांच्या दुकानात मी मोठ्या माणसासाठी जोडायच्या ठोकळ्यांचा सेट मागितला. शेठजींनी नीट चौकशी केली. चष्मा आहे का, टेबल मोठं आहे का, आधी कधी जोडलंय का. मग किल्ला दाखवला, जुनी मोटार दाखवली.

"पहिल्यांदाच करणार असतील तर मोटार घ्या. रंग वेगवेगळे आहेत, चुकलं तर लगेच कळतं."

"यापेक्षा अवघड?"

त्यांनी वरच्या फळीवरून एक मोठं खोकं काढलं. बांधकामावरची क्रेन. चार हजारांवर तुकडे, जवळजवळ सगळे काळे-करडे. "हा मी नवख्या माणसाला देत नाही, मॅडम. आत दातेरी चाकं आहेत. सुरुवातीला एक चाक उलटं बसलं तर शेवटी हूक हलत नाही. मग सगळं उकलावं लागतं."

"हाच द्या," मी म्हटलं.

घरी खोकं समोर ठेवून मी बराच वेळ बसले. एक तुकडा काढून घ्यावा असं मनात आलं. पण मग दोष खोक्याला गेला असता. मला तो दाजींच्या पदरात हवा होता. मी खोक्याला हात लावला नाही.

एकसष्टीच्या दिवशी दाजींनी खोकं हलवून पाहिलं. "पोरांचा खेळ. आठ दिवसांत उभी करतो."

आठ दिवसांचे दोन महिने झाले. जेवणाचं टेबल क्रेनने अडवलं, घर खाली बसून जेवू लागलं. शेवटी अक्काचा फोन आला, क्रेन उभी आहे पण हूक हलत नाही. त्या रविवारी मी धुळ्याला गेले.

"माल सदोष आहे," दाजी म्हणाले.

ते आंघोळीला गेले तेव्हा मी जोडणीची पुस्तिका क्रेनशी ताडत मागून पुढे चाळत गेले. अर्ध्या तासात उलटं बसलेलं चाक सापडलं. मी पुस्तिका होती तिथे ठेवली आणि शेवभाजी-भाकरी जेवले. दुपारभर दाजी बॅटरी लावून क्रेनच्या पोटात डोकावत राहिले, मी बघत राहिले. चार वाजता त्यांनी पुस्तिका माझ्याकडे सरकवली.

"तुला काही दिसतंय का?"

"त्या नकाशात जिना कुठे होता, दाजी?"

त्यांना लगेच समजलं. ते क्रेनकडेच बघत राहिले. अक्का पदराला हात पुसत दारात थांबली.

"गंमत केली होती," ते म्हणाले. "तुझे वडील एवढं मनावर घेतील असं वाटलं नव्हतं."

"मग तेव्हा सांगायचं होतं त्यांना."

मी चप्पल घातली. चूक कुठल्या पानावर झाली ते मला माहीत होतं. ते न सांगता मी पाच वाजताची बस धरली.

दाजींनी अख्खी क्रेन उकलली. पुन्हा जोडायला त्यांना दिवाळी उजाडली. हूक वर गेल्याचा व्हिडिओ अक्कानेच पाठवला, त्यांनी नाही.

"आतं तरी सोड," अक्का म्हणते. मी तिला हो म्हणते. सोडलेलं मात्र नाही.