अमावास्येची तारीख

दुसऱ्या सिझरची तारीख ठरायची होती तेव्हा मी इतकी थकलेली होते की सुरतेत, उधन्यातल्या आमच्या खोलीचा जिना चढताना मध्येच पायरीवर बसून घ्यायचे. वरून सासूबाई विचारायच्या, "काय झालं?" काय होणार? नववा महिना होता.

मला या वेळी एकच गोष्ट हवी होती. बाळ निघालं की आधी माझ्याकडे द्यायचं. पहिल्या वेळी टाके घालताना मला गुंगीचं इंजेक्शन दिलं. जाग आली तोवर मोठ्या जावेचा मध चाटवून झाला होता आणि सासूबाईंनी फोटो काढून गावभर पाठवले होते. भुसावळकडची कुठली कोण मावशी, तिनेही माझ्या आधी त्याला पाहिलं. दुपारी माझ्या शेजारी एक गाठोडं ठेवलं आणि सांगितलं, हा तुझा. मी मानलं. पोरावर माझा जीव आहे, पण ती दुपार आठवली की अजून संताप येतो.

म्हणून डॉक्टरीणबाईंना आधीच सांगून ठेवलं. कमरेखाली सुन्न करा, पण मला झोपवू नका. बाळ ठीक असेल तर पुसून सरळ माझ्या छातीवर द्या, टाके होईपर्यंत तिथेच राहू द्या. त्या गुजराती, आमच्यासारख्यांशी हिंदीत बोलायच्या. "क्यों नहीं, बेन," म्हणाल्या. मला वाटलं, सुटले.

इकडे सासूबाईंनी गावच्या गुरुजींना फोन करून मुहूर्त काढला होता. सिझरच करायचं तर चांगल्या घडीला का नको, हे त्यांचं म्हणणं, आणि मलाही त्यात वावगं वाटलं नाही. मी तारीख घेऊन गेले तर डॉक्टरीणबाई हसल्याच. आमच्या गुरुजींना दिसलेली घडी सुरतेतल्या सगळ्या महाराजांना दिसली होती. "उस सुबह मेरे पाँच सिझर हैं, बेन. आपका भी हो जाएगा, पर बच्चा छाती पर रखने का टाइम नहीं मिलेगा." म्हणजे बाळ बाहेर नातेवाइकांकडे, मी बाजूच्या खाटेवर, पुढची बाई आत.

मी विचारलं, मग रिकामा दिवस कोणता? त्यांनी मोबाईलमध्ये पाहिलं. दोन दिवस आधी. दिवस भरलेत, तब्येतीच्या दृष्टीने काही हरकत नाही, आणि त्या दिवशी कोणीच नाही. का कोणी नाही ते मला भिंतीवरचं कॅलेंडर बघून कळलं. अमावास्या होती.

मी हो म्हणून घरी आले. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "आवसले कोनी लेकरू काढस का?" हे त्यांनी मला नाही, भिंतीला विचारलं. नवरा लूमच्या कारखान्यात दिवसभर उभा राहून आलेला. "मी आईले सांगसू," म्हणाला आणि जेवून झोपला. सांगितलं काही नाही.

मग सासूबाईंचं बोलणं सुरू झालं. फोनवर, शेजारणीशी, देव्हाऱ्यासमोर. लेकराला काही झालं तर कोणाच्या माथी, हेही म्हणाल्या. ते मात्र लागलं. पोळ्या लाटताना मनात यायचं, माझ्या हट्टापायी खरंच काही झालं तर? तारीख बदला म्हणायला दोनदा फोन हातात घेतला. पण माघार घ्यायलाही ताकद लागते, आणि माझ्यात ती उरली नव्हती.

अमावास्येला दवाखाना ओस पडला होता. सासूबाई आल्या, पर्समध्ये लिंबू-मिरची घेऊन. ऑपरेशनच्या टेबलावर थंडी वाजत होती. पडद्यापलीकडे ओढाताण जाणवली, मग रडणं ऐकू आलं. नर्सने पुसून बाळ उघडंच माझ्या छातीवर ठेवलं, वरून चादर घातली. मुलगी. ओलसर, गरम, भयंकर चिडलेली. डॉक्टरीणबाई निवांत टाके घालत नर्सशी गप्पा मारत होत्या.

जिच्यासाठी सगळ्यांशी वाकडं घेतलं ती आता माझ्या हाताखाली होती. तोंडातून आपसूक आमची अहिराणी निघाली. "उनी का माय?" आलीस का गं, एवढंच.

ती रडतच होती. मीही रडत होते. थोड्या वेळाने नर्स वाकून म्हणाली, "बाहर सब देखने के लिए खड़े हैं. ले जाऊँ?"

"राहू द्या उभे," मी म्हणाले.