चौथं गॅस्केट

माझा स्वभाव संशयी. गॅस बंद केला असं बायको म्हणाली तरी मी स्वयंपाकघरात जाऊन बटण चाचपून येतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकजवळ विमान चालवायला शिकवणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी मुख्य मेकॅनिक होतो. दोनच विमानं, त्यातलं एक कायम उघडलेलं. हाताखाली निफाडकडचा एकजण नव्याने आला होता. आधी द्राक्षबागांतले ट्रॅक्टर आणि फवारणीची यंत्रं दुरुस्त करायचा. रीतसर परीक्षा देऊन आला होता, हातही चांगला होता, पण माझ्या लेखी तो ट्रॅक्टरवालाच. त्या बाजूला तांब्याचं गॅस्केट कोणी फेकत नाही. लाल होईपर्यंत तापवायचं, पाण्यात टाकायचं, मऊ झालं की परत बसवायचं. डिझेल इंजिनाला ते चालून जातं.

विमानाला चालत नाही. सिलिंडर आणि एक्झॉस्टचा पाइप यांच्या मधली ही पातळ चकती एकदा आवळली की दबते, मग ती पुन्हा वापरायची नाही. फट राहिली तर धूर हीटरवाटे आत बसलेल्याच्या नाकात जातो, आणि त्यातल्या विषारी वायूला वासही नसतो.

त्या डिसेंबरात एका सिलिंडरपाशी पांढरट भुकटी दिसली, म्हणजे गळती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका विद्यार्थिनीची उड्डाणाची परीक्षा होती, त्यासाठी परीक्षक दिल्लीहून येणार होता. कपाटातली शेवटची चार नवी गॅस्केट मी या निफाडवाल्याच्या हातात दिली आणि चारही सिलिंडरची बदलायला सांगितली.

काम उरकून दुपारी तो जेवायला गेला. काढलेला जुना माल डब्यात ठेवायचा आणि मी तो मोजायचा, असा आमचा शिरस्ता. डब्यात तीनच गॅस्केट होती. मनात शंकेची पाल चुकचुकली. डबा उपडा केला, टेबलाखाली पाहिलं, कचरा उलटापालटा केला. मग माझी खात्रीच पटली: एक नवं याच्या हातून खराब झालं असणार आणि पठ्ठ्याने जुनंच तापवून बसवलं असणार. त्याला विचारावं असं वाटलंही. पण तो नाही म्हणणार, आणि त्या नाहीचं मी काय करू? मी पाना घेतला आणि आठही नट सोडले.

चारही गॅस्केट नवी निघाली. व्यवस्थित बसलेली, आणि एकदा आवळल्यामुळे आता निकामी.

तो परतला तेव्हा पाना माझ्या हातातच होता. त्याने इंजिनाकडे पाहिलं आणि खिशातून फडक्यात गुंडाळलेली जुनी चकती काढली. एका कडेला जळून चिरलेली.

"गळत होतं ते हेच, साहेब. लय जळेल होतं. तुम्हाला दाखवायला येगळं ठेवलं," तो म्हणाला. "तुम्ही फोनवर होते म्हनून बोललो नाय. इचारायचं ना मला."

मी मुंबईला फोन लावले. नवी यायला तीन आठवडे लागणार होते. खोटं कशाला बोलू, दबलेलीच परत बसवावीत असं माझ्या मनात आलं, आणि मी ती पुसायलाही घेतली. तो बघत होता. त्याने पक्कड उचलली, माझ्या हातातून चकत्या घेतल्या आणि एकेक करून चारही वाकवल्या. त्याला माझा संशय आला होता, आणि तो खरा होता.

सकाळी ती मुलगी गणवेश घालून वडिलांबरोबर आली. विमान उडणार नाही आणि परीक्षक पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही, हे कळल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. वडील भडकले. चूक कोणाची, असं त्यांनी संचालकांना विचारलं.

संचालकांनी माझ्या सहकाऱ्याकडे बोट दाखवलं. "नवीन आहे. आधी ट्रॅक्टरवर होता."

वडिलांना ते लगेच पटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. बोलायचं मीच होतं. मी मान खाली घालून लॉगबुक चाळत राहिलो.