हातावरची मापं

गिरगावात आमचं फ्रेमचं दुकान आहे. खाली गिऱ्हाईक आणि मी, वर माळ्यावर आमचे हे आणि पट्ट्या कापायचं मशीन. मी फोटोची मापं घेते, पट्टी कुठली, काच लावायची की नाही ते ठरवते, आणि वर जाऊन सांगते. मशीनच्या आवाजाने ह्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे खालून ओरडून उपयोग नाही. शिडी लोखंडी आणि जवळजवळ उभी. दोन्ही हातांनी धरल्याशिवाय चढता येत नाही, आणि चढताना कुणी हाक मारली की साडेचौदाचे साडेबारा व्हायला वेळ लागत नाही.

चिठ्ठ्या करून बघितल्या. त्या पंख्याने उडायच्या, भुशात जायच्या. तोंडात धरून नेलेली चिठ्ठी एकदा ओली झाली आणि आकडेच गेले. मोबाइलला गोंदाची बोटं लागून तो उघडेना. मग मी सरळ डाव्या हातावर बॉलपेनने लिहायला लागले. वर गेलं की हात पुढे करायचा, हे चष्मा लावून वाचायचे. संध्याकाळी साबणाने घासलं की निम्मं जायचं, निम्मं राहायचं. मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. माझं माहेर लालबागचं. वडील मिलमध्ये, आई खानावळ चालवायची. आमच्याकडे कुणाचेच हात कधी कोरे नव्हते.

मुलाने लग्न स्वतःच जमवलं. मुलगी माटुंग्याची, वडील इंजिनिअर होते, आई कॉलेजात शिकवायच्या. मुलगी स्वतः फिजिओथेरपिस्ट, दादरच्या एका क्लिनिकमध्ये. त्यांच्याकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तो रविवार होता, आणि सकाळी दुकान उघडं ठेवावं लागलं होतं. मी हात घासले, चांगली साडी नेसले. सगळं नीट पार पडलं. निघताना तिच्या आईंनी मला हळदीकुंकू लावलं, ओटी भरायला नारळ आणला. मी पदर पुढे धरला आणि हात उजेडात आला.

त्या वाचायलाच लागल्या. "साडेचौदा बाय अकरा, काच नको," असं सावकाश, शाईतले पुसट शब्द लावत. मग म्हणाल्या, "हे काय आहे?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "आईची सवय आहे हो ती," आणि हसला. तसं हसताना मी त्याला आधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं ते हसू होतं. मी नारळ पदरात घेतला आणि हात खाली ओढून घेतला.

टॅक्सीत तो पुढे बसला होता. मागे न वळता म्हणाला, "आई, लग्नाच्या दिवशी तरी हातावर काही लिहू नकोस."

रागावून बोलला असता तर मी उलट बोलले असते. तो समजुतीने बोलला. आमचे हे शेजारी बसले होते, त्यांना ते ऐकू गेलं नाही. मीही त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर हातावर लिहिणं मला जमेना. पेन टेकवलं की त्या बाईंचा वाचतानाचा आवाज कानात यायचा. पण माळा आणि शिडी होती तिथेच होती. मग एकदा आमच्या इमारतीत ड्रेनेजचं काम निघालं, पॅसेजमध्ये पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे पडले होते. एकावर प्लंबरने पेन्सिलीने खूण केली होती. मी अंगठ्याने घासली तर ती गेली. तो तुकडा मी पदराआड दुकानात आणला.

ह्यांच्या करवतीने तो उभा चिरला. पन्हळीसारखा अर्धा तुकडा हातावर ठेवून बघितला तर कडा टोचत होत्या. घरी गॅसवर धरून मऊ केला, हातावर टॉवेल गुंडाळून त्यावर दाबला, थोडं भाजूनही घेतलं. वरून पॉलिश पेपर मारला तेव्हा पेन्सिल उमटायला लागली. सासूबाईंचा गुडघ्याचा जुना पट्टा पडून होता, त्याचं वेल्क्रो काढून शिवलं. पहिल्यांदा हाताच्या आतल्या बाजूला बांधला तर साडीला घासून सगळं पुसलं जाई. मग बाहेरच्या बाजूला फिरवला. पेन्सिल अडकवायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला.

वर गेले, हात पुढे केला. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "आता वाचता येतंय. आधी तुझ्या शिरा आणि आकडे एकात एक दिसायचे."

एवढं सोयीचं काम झालं तरी मला ते लपवावंसं वाटायचं. पूर्वी निदान शाई होती, ती धुऊन जायची. आता मी हाताला चक्क ड्रेनेजचा पाइप बांधून बसले होते. बाहेर पडताना मी तो काढून ठेवायची. एका गिऱ्हाईक बाईंनी फ्रॅक्चर झालंय का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. सोपं वाटलं. मग कुणीही विचारलं की तेच सांगू लागले.

एका दुपारी होणारी सून एकटीच दुकानात आली. आईवडिलांच्या लग्नाचा फोटो तिला फ्रेम करून घ्यायचा होता. ती आत आली आणि तिची नजर पहिल्यांदा माझ्या हाताकडे गेली.

"काकू, हाताला काय झालं?"

"जरा लागलंय," मी म्हटलं. ती काय शिकली आहे हे मला माहीत होतं, पण जिभेवर तेच बसलं होतं.

तिने फोटो ठेवला आणि काउंटरला वळसा घालून आत आली. "कुणी बांधलं हे? असं नाही बांधत. बघू." माझं मनगट तिने इतक्या सवयीने धरलं की मला हात मागे घेताच आला नाही. वेल्क्रो सुटलं. पाइप तिच्या हातात आला. त्यावर तीन फ्रेमची मापं होती आणि खाली गवार, कोथिंबीर. तिने माझा हात उलटसुलट करून पाहिला. घामाने ओला, धडधाकट हात.

जमिनीत जावंसं वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. लग्नाआधीच मी तिच्याशी खोटं बोलले होते, तेही ती काळजीने विचारत असताना. मी म्हटलं, "लागलेलं नाही. मापं लिहायला केलंय. त्या दिवशी तुमच्याकडे हातावर लिहिलेलं..."

ती हसली नाही आणि मला धीरही दिला नाही. तिने तो पाइप स्वतःच्या हाताला बांधला, पेन्सिलीने काहीतरी खरडलं, पुसलं, परत खरडलं. मग म्हणाली, "काकू, माझे दोन्ही हात पेशंटच्या पायाखाली असतात. गुडघा किती वाकला ते लिहायला जाईपर्यंत मी विसरते. मला एक करून द्याल?"

मला वाटलं, माझी लाज झाकायला म्हणतेय. तरी मी केला. तिचा हात बारीक, म्हणून कमी जाडीचा पाइप शोधला, कडा मेणबत्तीवर फिरवून गुळगुळीत केल्या.

आठवडाभरात मुलगा जेवायच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "ती तो क्लिनिकमध्ये लावते. सगळ्यांसमोर." मी पोळी लाटत होते. तो आत आला. मग म्हणाला, "मी टॅक्सीत तुला..." त्याचे कान लाल झाले होते. मी त्याला पाटावर बसवलं आणि पान वाढलं. त्याने वाक्य पुरं केलं असतं तर कदाचित मला बरं वाटलं असतं. पण त्याचा तो चेहरा मला बघवेना.

लग्न झालं. सून आता आमच्याबरोबर राहते. परवा ती डबा विसरली म्हणून मी दादरला नेऊन दिला. आत पडद्यापलीकडे एक आजोबा पलंगावर झोपले होते आणि ती त्यांचा पाय वाकवत होती. आजोबांनी तिला विचारलं, हे हातावरचं यंत्र परदेशी आहे का. ती म्हणाली, "छे हो. माझ्या सासूबाईंनी केलंय. त्या डबा घेऊन येतायत, आल्या की दाखवते तुम्हाला."

मी तिथेच होते. पडदा सरकवायचा तेवढा बाकी होता. पुढे केलेला हात मी मागे घेतला. डबा मी बाहेरच्या मुलीकडे दिला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली उतरले.

संध्याकाळी तिने विचारलं, "आई, थांबला का नाहीत? आजोबा वाट बघत होते."

"दुकान उघडायचं होतं," मी म्हटलं. दुकान तर आमच्या ह्यांनी सकाळीच उघडलं होतं.