मिश्रीची डबी

शेजारची विणकराची लेक बेळगावात लॅबमध्ये पेशी तपासते. बोलणं मागाच्या धोट्यागत सरसर. आली की चहाआधी टॉर्च काढते, "आज्जी, आ करा बघू."

निपाणीत तरुणपणापासून दातांना तंबाखूची मिश्री लावून मी स्वतःला लई शहाणी समजायची, येडी कुठली!

गेल्या महिन्यात माझ्या गालात पांढरा चट्टा दिसला अन् तिनं टॉर्च जवळ नेऊन पुन्हा बघितलं. मग हळूच म्हणाली, "गालाच्या आतल्या कातडीची पेशी मोठी होऊन गळून पडते. तिला मोठं करणारा जनुक बिघडला, तर ती पोरकटच राहते, नुसती वाढत सुटते. कॅन्सर असाही होतो."

"म्हंजे माझ्यासारखीच गं!"

ती हसली न्हाय. माझ्या कमरेची मिश्रीची डबी काढून घेतली आणि मला चट्टा तपासायला लॅबमध्ये घेऊन गेली.

निकाल चांगला आला. सांगताना तीच रडली. डबी मात्र अजून देत न्हाय, चोरटी.