गंगेच्या वाळूत आखलेली हद्द

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, आणि चौथीसुद्धा पुरी नाही. तेव्हा ह्या सदरात लिहिणाऱ्या बाकीच्या मंडळींसारखं मला जमणार नाही, सांभाळून घ्या. एक मात्र आधीच सांगतो — भूत, खवीस, चकवा ह्यांतलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. माझा जन्म समुद्रकाठचा. भरतीबरोबर काय काय येऊन पडतं ते मी लहानपणापासून पाहिलेलं... फुगलेली म्हैस, डोळे गेलेले मासे, एकदा तर माणूससुद्धा. नाकावर धोतराचा सोगा धरायचा आणि पुढं जायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

मी सांगणार आहे त्या गोष्टीची मला भीती वाटली नाही. किळस आली. ती अजून गेलेली नाही.

माझे मामा किनाऱ्यावर हवापालटाला येणाऱ्या लोकांसाठी नारळाच्या झापांच्या खोल्या बांधून द्यायचे. मी त्यांच्या हाताखाली. आईबाप तापाच्या साथीत गेलेले, मामांच्या घरात त्यांचीच पोरं पुष्कळ, आणि मी ताटावर बसलो की मामी भाताच्या टोपात वाकून बघायची. वाईट नव्हती ती. पण मला कळायचं.

अशात मालक आले. मोगलाईतले, बीड जिल्ह्यातल्या उमापूरच्या बाजूचे मोठे जमीनदार. त्यांच्या मंडळींना — बाईसाहेबांना — छातीचं जुनं दुखणं. बीडच्या हकीमसाहेबांनी सांगितलेलं, "बीबी को दर्या की हवा खिलाव." म्हणून मालक आधी एकटे येऊन हवा बघून गेले. आमच्या खोलीत राहिले, त्यांना फार आवडलं. पण बाईसाहेबांना काही येता आलं नाही. जालन्याच्या आगगाडीपर्यंत पोचायच्या आतच बैलगाडीच्या हिसक्यांनी त्यांना खोकल्याची अशी ढास लागली, की गाडी अर्ध्यातून माघारी फिरवावी लागली.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मालकांनी माणूस पाठवून मला बोलावून घेतलं. मी तेव्हा विशीतला. गेल्या गेल्या माझ्यापुढं भाकरी, वरण, तुपाची वाटी ठेवली आणि म्हणाले, "पोटभर खा. मंग सांगतो." कुणी माझ्या ताटात वाकून बघितलं नाही. त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो, आणि त्या दिवसापासूनच एक धास्तीही लागली, की इथून काढलं तर जायचं कुठं?

मालकांचं म्हणणं सरळ होतं. गोदावरी — तिकडं तिला गंगाच म्हणतात — चैत्रात आटते आणि पात्रात नजर ठरणार नाही एवढी वाळू उघडी पडते. मधे डोह. "पाणी ते पाणी, वाळू ती वाळू. तू तिथल्यासारख्या खोल्या बांध. ती डोळे मिटून पडंल, तिला वाटंल समुद्र हाय. हवेला काय, ती समदीकडं हायच की!"

कारभारी तात्या, त्यांचे जुने माणूस, बाजूला उभे होते. म्हणाले, "मालक, उद्या हिमालयाची हवा सांगितली तर बरफ आणायचा का?"

"आणू की," मालक म्हणाले.

नारळाचे झाप तिकडं कुठले? बांबूचे तट्टे घेतले, बाभळीचे खांब पुरले. पाहुण्यारावळ्यांसाठी राहुट्या. मालक त्याला मोठ्या हौसेनं 'क्याम्प' म्हणायचे.

आता आमच्याकडची एक रीत आहे ती सांगायला हवी. किनाऱ्यावर खोली बांधताना, भरतीचं पाणी जिथवर येऊन शेवाळ-शिंपल्यांचा कचरा टाकून जातं, तिथं काठीनं रेघ ओढतात, रेघेवर नारळ ठेवतात आणि दर्याला सांगतात — ही तुझी हद्द. हिच्या आत तू, हिच्या बाहेर आम्ही. मगच खांब पुरायचा, तोही रेघेच्या बाहेर. ह्यात देवधर्मापेक्षा शेजारधर्मच जास्त.

ही रीत मालकांनी मामांकडे पाहिली होती. म्हणाले, "ते नारळाचं राहिलं की रं."

मी म्हटलं, "मालक, इथं भरती नाही. हद्द कुणाला आखून देऊ?"

"आख बे! जसं तिथं, तसं इथं. काय कमी ठिवायचं न्हाई."

मग मी वाळूत काठीनं लांबच लांब रेघ ओढली, नारळ ठेवला आणि डोहाकडं तोंड करून ते शब्द म्हटले. तात्या पोट धरून हसले. "कोकण्या, गंगामाईला इचार तरी, तिची जागा कोणाला देऊ लागलास!"

आणि मालकांनी बाईसाहेबांची खोली पाण्याला लागून मागितली. म्हणजे रेघेच्या आत. मी एकदा बोललो, आत बांधत नाहीत. "इथं कुठं समुद्र हाय?" असं म्हणून सगळेच हसले, मीही हसलो आणि खांब पुरले.

बाकीच्या खोल्या, राहुट्या, स्वैपाकाचं पाल, सगळं रेघेच्या बाहेर.

पहिले काही दिवस सुखात गेले. मग वास सुरू झाला.

मला तो लगेच ओळखू आला. जाळं न धुता उन्हात टाकलं, त्यात बारीक मासळी अडकून कुजली, की येतो तो. मचूळ, खारट, आणि घशाच्या मागं जाऊन बसणारा. पण गंगेकाठी? रेघेच्या अलीकडं आलं की काही नाही, पलीकडं पाऊल टाकलं की नाक धरावं लागायचं. बाईसाहेबांची गादी उन्हात टाकायला काढली तर खालून चिकट. हाताला बुळबुळीत तार सुटायची, आणि ती धोतराला पुसली तर वाळल्यावर पांढरं मीठ. सखू म्हणून त्यांची दासी होती. ती सकाळी अनवाणी आत गेली आणि किंचाळत बाहेर आली. उंबऱ्यावर शेंबडाच्या रंगाचा लिबलिबीत गोळा पडला होता, परातीएवढा, आणि तिचा पाय घोट्यापर्यंत त्यात गेला होता. पायाला पुरळ उठलं. आमच्याकडं त्याला झेलं म्हणतात. खोल समुद्रातून येतं ते. त्याच्यावर माश्या बसल्या होत्या, पण कावळे शिवत नव्हते.

"कोकण्यानं सुकट आणली हाय," तात्यांनी जाहीर केलं.

ते घर माळकरी. घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात तुळशीची माळ. मासळी तर सोडाच, कांदासुद्धा एकादशीला बाहेर ठेवायचे. तात्यांनी माझं गाठोडं सगळ्यांदेखत उलटं केलं. सदरा, पंचा, आईची एक बांगडी. मग माझे दोन्ही हात ओढून नाकाशी नेले. वास येत होता! गादी मीच झटकली होती ना. "लेकरा," ते हळू म्हणाले, आणि ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं, "ह्या घराला बाटवू नको. अजून एकदा काय घावलं, तर तुला गाडीत घालून वाटंला लावतो."

मला अन्न जाईना.

आणि बाईसाहेब? बाकी सगळे नाकाला पदर लावून, मालक नाकात अत्तराचे बोळे घालून बसलेले, आणि ह्या खाटेवर उठून बसायच्या आणि लांब लांब श्वास ओढायच्या. आधी त्यांना वाक्य पुरं करता येत नसे. आता म्हणायच्या, "किती ग्वाड हवा हाय वो! तुमाला कावून आवडंना?" गालांवर रंग आला. ढास कमी झाली. मालक त्या घाणीत बसून लहान पोरासारखे रडायचे, आनंदानं. क्याम्प हलवायचं नाव कोण काढणार?

मग मी खांब पाहिले. बाईसाहेबांच्या खोलीच्या मागच्या अंगाला, बाभळीच्या खांबांवर कालवं धरली होती. ज्यांनी पाहिली नसतील त्यांना सांगतो — ओबडधोबड, धारदार शिंपले, खडकाला चिकटून वाढणारे, आत करडा ओला गोळा. भरतीचं पाणी रोज चढतं-उतरतं तिथंच ती होतात, आणि एवढी मोठी व्हायला वर्ष लागतं. खांब पुरून पंधरवडासुद्धा झाला नव्हता. गुडघ्यापर्यंत खच्चून कालवं, त्याच्या वर कोरडं लाकूड. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती मीच आणून चिकटवली असं ठरलं असतं.

दुसऱ्या सकाळी ऊन वर आल्यावर मी कढत पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. सखू पाय धुवायला गेलेली. खाट रिकामी. खुंटीला तुळशीची माळ टांगलेली. मागच्या बाजूनं कट कट असा आवाज. मी वळसा घालून मागं गेलो.

बाईसाहेब खांबाशी उकिडव्या बसल्या होत्या. हातात सुपारीचा अडकित्ता. त्यानं एक कालव त्या मुळापासून उचकटत होत्या, फोडत होत्या आणि तोंडाला लावून सुर्र करून ओढत होत्या. हनुवटीवरून करडं पाणी ओघळून पदरावर. दातांत वाळू करकरत होती, ते मला चार पावलांवरून ऐकू आलं. मी लहानपणी शेकड्यांनी कालवं खाल्ली असतील. पण त्या क्षणी माझ्या तोंडाला जे कडू पाणी सुटलं, ते मी कसंबसं गिळलं.

त्यांनी वर पाहिलं. लाजल्या नाहीत. "तुमच्याकडं अशीच खातेत का रं? कच्ची?"

मी म्हटलं, "लिंबू पिळून, बाईसाहेब."

"मालकाला बोलू नको हां," त्या म्हणाल्या आणि पुढचं कालव धरलं.

मी बोललो नाही. पण शिंपले कुठं जाणार? दुपारच्या जेवणाआधी तात्यांना खोलीमागं ढीग सापडला. त्यांनी तो टोपलीत भरून आणला आणि रेघ आखली होती तिथं सगळ्यांसमोर ओतला. रेघ केव्हाच पायांखाली पुसून गेली होती. "हे बघा मालक. ह्यानं हितं बसून खाल्लं. बाईसाहेबांच्या उशाशी!"

मालक माझ्याकडं बघत राहिले. त्या बघण्यात राग असता तर मी सोसलं असतं. "खरं सांग पोरा. तू खाल्लंस?"

नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न — मग कोणी? खोलीत आणखी राहतं कोण? हो म्हटलं तर गाडी, वाट, मामीचा टोप. तात्या गाडीवाल्याला हाक मारायला वळले.

"तात्या!"

बाईसाहेब खोलीच्या दारात उभ्या होत्या, कुणाचा हात न धरता. कित्येक महिन्यांत त्यांना असं उभं कुणी पाहिलं नव्हतं. गळ्यात माळ नव्हती. "त्यो कुठं जायचा न्हाई. त्यानं न्हाई खाल्लं. म्या—"

पुढचं बोलायच्या आत त्यांना उलटी झाली. उलटी म्हणू की काय म्हणू... घागर कलंडावी तसं पाणी. करडं, फेसाळ, त्यात वाळू, शेवाळाच्या काळ्या दोऱ्या, लिबलिबीत तुकडे. थांबेचना. एवढं पाणी एका बारीक बाईच्या पोटात मावतच नाही. वासानं पाहुण्यांतले दोघे जागीच ओकले. आणि शेवटी, त्या सगळ्यात, बोटाच्या पेराएवढा खेकडा. जिवंत.

तो उठला आणि तिरका धावत आमच्या अंगावर आला. बाया किंचाळून मागं सरल्या. पण तो मधेच थबकला. तिथं काही नव्हतं, नुसती तुडवलेली वाळू. तो उजवीकडं पळाला, परत आला, डावीकडं पळाला, परत आला. जणू भिंतीशी चाचपडतोय. जिथं मी काठी ओढली होती तिथून तो एक बोटभरही पुढं आला नाही. मग वळला आणि डोहात गेला.

तात्या टोपली हातात धरून तसेच उभे. मालक एवढंच म्हणाले, "आवरा समदं." माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. तो हात मी विसरणार नाही.

दिवस मावळायच्या आत क्याम्प उठला. रेघेच्या आतली खोली कुणी काढायला धजलं नाही. आषाढात गंगेला पूर आला, त्यात गेली.

ह्याला काही वर्षं झाली. बाईसाहेबांची छाती त्या दिवसापासून साफ आहे, हकीमसाहेब स्वतःची पाठ थोपटून घेतात. त्यांचं म्हणणं, नदीच्या वाळूत जुने शिंपले असतातच. असतील. तात्यांचं म्हणणं, कोकण्यानं काहीतरी केलं. मी काय केलं, ते वर लिहिलंच आहे. ह्याहून जास्त मला खरंच ठाऊक नाही, आणि कुणा वाचकाला कळत असेल तर जरूर कळवा.

मी अजून ह्याच घरी आहे. पोटभर जेवतो. बाईसाहेबांचे उपकार माझ्याच्यानं ह्या जन्मी फिटणार नाहीत. दिवाळीला मामांकडं जाऊन येतो, पण मासळीचं ताट पुढं आलं की उठतो. आणि परत आलो, की अंघोळ करायच्या आत बाईसाहेबांचा निरोप येतो. मी जातो. खुंटीला माळ असते, गळ्यात नसते. त्या मामांची खुशाली विचारतात, मग म्हणतात, "जवळ ये." माझ्या सदऱ्याची बाही धरतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि लांब लांब श्वास ओढतात. मालक तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहतात.

मी हात सोडवून घेत नाही.